फूल वाऱ्यानं पडलं

आत्याबाई,

मोबाईल उभा ठेवायचा स्टँड आला, दीडशेला. कानात घालायची वायर ऐंशीला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कानाला काय झालंय तुझ्या?" पण काम आलंय तसं. मोबाईलवर माणसांची बोललेली वाक्यं येतात. बोलणारा रागात आहे की मायेत, बोलतो ते त्याला स्वतःला खरं वाटतं का, हे बटण दाबून सांगायचं. त्यावरून म्हणे कॉम्प्युटर माणसाच्या मनातलं ओळखायला शिकणार. दिवसभर मोबाईलकडं बघून संध्याकाळी दिवा लावताना एका वातीच्या दोन दिसतात मला.

काम देणारी पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या घरातलं बी एक वाक्य घाला की." मी तुमचं घातलं, प्रसंगासकट, माझ्या आवाजात.

लग्नानंतरचा पहिला सण. नणंदबाई, तुमची लेक, पंगतीत हसत म्हणाल्या, "वैनी डाव्या कौलाची हाय." तेव्हा मला कळलं. भोंगवलीहून माझं स्थळ आलं, तेव्हा तुम्ही देवीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवून कौल लावला होता, आणि उजवं राहून डावीकडचं फूल पडलं होतं. देवी नको म्हणाली होती. माझी वाढायची पळी हातातच राहिली. तुम्ही चुलीपुढून मान वर न करता म्हणालात, "फूल वाऱ्यानं पडलं. गप भाकरी खा." पुन्हा कधी विषय नाही. पण देवीच्या त्या गाभाऱ्याला खिडकी नाही, आत्याबाई. दर मंगळवारी मी तिथं दिवा लावते, ज्योत हलत नाही. आणि तुम्ही तर कौलाशिवाय म्हैससुद्धा घेत नव्हतात. घरात काही वाईट झालं की मला ते फूल दिसतं. तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाही दिसलं.

एका वाक्याला तिघी बटण दाबतात. तुमच्या वाक्याला एकीनं 'खरं वाटतं' दाबलं, दुसरीनं 'वाटत नाही'. पोरगी फोनवर म्हणाली, "काकू, आता तुमच्यावर हाय. तुमी तर ओळखत व्हता त्यांना." "व्हय," म्हणाले, आणि फोन पालथा घातला.

पहिलं दाबलं तर तुम्ही देवीचा शब्द मोडला नाहीत, मी तिच्या मर्जीनं आले. दुसरं दाबलं तर देवीनं नको म्हटलेली मुलगी तुम्ही जाणूनबुजून घरात आणलीत, आणि ते ओझं एकटीनं वागवलंत.

हे पत्र देवीच्या फोटोमागं ठेवणार होते. धीर होत नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. कारण त्या दोन बटणांतलं मला दुसरंच हवंय. उद्या दुपारी काम बंद होतं, त्याआधी बटण दाबायचंय. उलट टपाली कळवा.