वाळूवरची फरशी

हॅलिफॅक्स,
१४ मे १९९४

प्रिय क्लिफ,

अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीचं अक्षर पाहून चष्मा पुसत असशील, तर पुसून घे. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बायकोला, आयरीनला, माझी आठवण सांग.

आता बातमी. तू परसात घातलेली फरशी मी उखडली! बेचाळीस लाद्या, एक पहार आणि अडुसष्ट वर्षांची मी. शेजारचा विल्फ कुंपणावरून ओरडला, "डॉरथी, डोकं ठिकाणावर आहे ना? पुन्हा खुबा मोडून घेशील!" म्हटलं, "बघत काय उभा राहिलास? उचलायला ये." आला बिचारा. पहिली लादी एका रेट्यात वर आली, तेव्हा मी अशी आरोळी ठोकली की त्याचं कुत्रं घरात पळालं. तीन दिवसांत परस मोकळं. मग माती खणली, खडे वेचले, बी पेरलं, चिमण्या येऊ नयेत म्हणून दोरे ताणले. महिन्याभरात आईच्या वेळची हिरवळ परत! जिंकले रे मी. सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली.

पण परवा चहा पिताना विल्फ म्हणाला, "माझ्या दारातली फरशीही क्लिफचीच. ती काढताना माझ्या दोन कुदळी मोडल्या. तुझी बरी लोण्यासारखी निघाली!"

मी विषय बदलला. मला कारण ठाऊक होतं. लाद्यांखाली नुसती वाळू होती, आणि वाळूखाली आईची काळी माती, जशीच्या तशी. सिमेंटचा कण नाही. जन्मभर सिमेंटाशिवाय एक लादी न बसवणारा तू!

अकरा वर्षांपूर्वी हिरवळ कापतानाच माझा खुबा मोडला होता. मला पुन्हा कापायला लागू नये, म्हणून मी इस्पितळात असताना तू फरशी घातलीस. घरी आल्यावर मी काय बोलले, ते दोघांनाही पाठ आहे. "आईला तू दुसऱ्यांदा पुरलंस," असं बोलले. तू हत्यारं गोळा केलीस आणि गेलास. खाली सगळं राखून ठेवलंय, एवढंही सांगितलं नाहीस. ही बया एक दिवस उखडणार, हे तू आधीच ओळखलं होतंस ना?

चुकलं माझं, क्लिफ. एवढं लिहायला मी तीन कागद फाडले.

गवत आता चार बोटं वाढलंय. पहिल्या कापणीआधी नव्या हिरवळीवर पाय द्यायचा नसतो, हे मी तुला काय सांगायचं! विल्फ रोज टोमणे मारतो, "कापतेस, की मेंढ्या आणून सोडू?" मी हात लावणार नाही. आईचं गवत कापायचं यंत्र तेल घालून दाराशी ठेवलंय. पुढच्या रविवारी ये. जेवायला मटण आहे, आणि तुझ्या आवडीचं, रूबार्बच्या आंबट देठांचं पुडिंगही.

तू कापेपर्यंत दारातच उभी राहणारी,
तुझी हरलेली बहीण,
डॉरथी