रिकामं ठेवू नये

नेपरव्हिल,
बुधवार, ६ फेब्रुवारी २००८

प्रिय आशू,

तुझा फोन रविवारी आला आणि आज बुधवार. एरवी तू काही विचारलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा तक्ता तुझ्या मेलमध्ये हजर असतो. गाडीच्या वेळी सात रकाने होते, लॅपटॉपच्या वेळी नऊ, आणि गादीच्या वेळी तर तू ‘बाबा, इट्स जस्ट अ मॅट्रेस’ म्हणून पोट धरून हसली होतीस. रविवारीही तू तितक्याच सहज विचारलंस, कॉम्पॅक्ट घेऊ की फुल-साइझ, टेबल पाठव ना, सॅटर्डेला दुकानात जातेय. मी ‘बघतो’ म्हटलं आणि फोन ठेवून तासभर गराजमध्ये फावडं हातात धरून उभा राहिलो. बर्फ बाहेर साचत होता आणि मी आत. शेवटी समोरच्या अरुणकाकांनी येऊन आपला ड्राइव्हवे साफ केला. त्यांना वाटलं माझी कंबर धरली आहे.

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहितोय. तू अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतेस, जोडाक्षराला अडखळतेस, हे मला माहीत आहे. तसंच वाच. जे सांगायचंय ते भराभर वाचून होण्यासारखं नाही. शिवाय ही हकीकत मी इंग्रजीत इतक्या लोकांना, इतक्या टेबलांच्या पलीकडे बसून सांगितली आहे की त्या भाषेत ती आता माझी वाटतच नाही. मराठीत ती फक्त तुझ्या शुभामावशीला सांगितली आहे, तीही एकदाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर तू म्हणशील बाबानं विषय बदलला. फुल-साइझ पिस्तूल जड असतं, नळी लांब असते, मूठ सबंध हातात बसते. गोळी सुटताना जो झटका बसतो त्यातला बराचसा त्या वजनातच जिरतो, त्यामुळे नेम कमी हलतो. नवशिक्याला खरं तर तेच सोपं. कॉम्पॅक्ट हलकं असतं, पर्समध्ये मावतं, पण हातात उसळतं, करंगळीला धरायला जागा नसते आणि हाताची बारीकशी चूकही समोर मोठी होऊन पोचते. लहान म्हणजे बाईमाणसाला सोपं, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. तरीही तो दुकानदार तुला कॉम्पॅक्टच देईल. तो तुला हात पुढे करायला सांगेल, बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का ते बघेल, आणि तुझा हात तर आईचा आहे. सव्वादोनची बांगडी तुला अजून साबण न लावता चढते.

आता तुला प्रश्न पडला असेल की जो माणूस डास मारतानासुद्धा सॉरी म्हणतो त्याला हे सगळं कुठून ठाऊक. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ह्यूस्टनच्या घरात आपल्याकडे एक पिस्तूल होतं.

तू फोनवर म्हणालीस, ‘आईच्या हातात काहीच नव्हतं, बाबा. आय डोन्ट वॉन्ट टु बी लाइक दॅट.’ रविवारपासून माझ्या डोक्यात हे एकच वाक्य फिरतंय. बेलव्ह्यूच्या तुझ्या अपार्टमेंटचं दार कुणीतरी रात्री हलवून पाहिलं, तू घाबरलीस, हे मी समजू शकतो. पण तू घाबरायला त्या रात्री शिकली नाहीस. तू सात वर्षांची असताना पुण्याला शुभामावशीकडे बसून एका चोराचं चित्र काढलं होतंस, निळी टोपी घातलेल्या. टोपी निळी कशी, असं मावशीनं विचारल्यावर तू म्हणालीस, मला दिसली. तेव्हापासून तू झोपण्याआधी दाराचं कुलूप तीनदा बघतेस. कॉलेजच्या खोलीतही बघायचीस, तुझ्या रूममेटनं मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो. घरी आल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडलो, ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तर ह्यूस्टन. एक्क्याण्णव साली आपल्या भागात देशी घरं फुटत होती. आपल्या लोकांच्या कपाटात सोनं असतं हे चोरांना कळलं होतं. आमच्या ओळखीच्या लताकाकूंच्या घरात भरदुपारी दोघं शिरले, हातातल्या पाटल्या निघेनात म्हणून त्यांनी पिरगाळल्या, काकूंचं मनगट मोडलं. मी दिवसभर ऑफिसात, तू पहिलीत, तुझी आई शैलजा घरात एकटी. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी वस्तू विकत घेतो, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. ग्रीन कार्ड हातात होतं, म्हणजे कायद्यानं पिस्तूल घेता येत होतं. एका शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. तू त्या दिवशी लताकाकूंकडे होतीस.

मी घरून तक्ता करूनच नेला होता, आणि तक्त्याप्रमाणे फुल-साइझच घ्यायचं ठरलं होतं. आईनं ते हातात घेतलं तर तिचं बोट ट्रिगरच्या अलीकडेच राहिलं. वरचा पोलादी भाग मागे खेचायचा असतो, तोही तिला ओढवेना. दुकानदार तिला ‘लिटल लेडी’ म्हणाला आणि त्यानं कॉम्पॅक्ट पुढे ठेवलं. ते तिच्या हातात चपखल बसलं. ती मला मराठीत म्हणाली, ‘अहो, हे माझ्या मापाचं दिसतंय, ब्लाउज शिवून घेतल्यासारखं.’ दुकानात इतकी हसली की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी तक्ता घडी करून खिशात टाकला. पुढे दोन शनिवार आम्ही क्लासला गेलो. तिचा नेम माझ्यापेक्षा बरा होता आणि भरणं, उघडणं तर ती सांडशी वापरावी तितक्या सहज करायची. मोठं घेतलं असतं तर तिला ते भरताच आलं नसतं. हे वाक्य मी सोळा वर्षं रोज मनात म्हणत आलोय.

तू कधी विचारलं नाहीस, पण तुझ्या लक्षात आलं असेल की आपल्या घरात दसरा होत नाही. दिवाळी होते, गणपती होतो, अगदी हॅलोविनसुद्धा होतो. शिकागोच्या मराठी मंडळातही मी तुला कधी नेलं नाही. ट्रॅफिक, पार्किंग, तिथलं राजकारण, दरवर्षी नवं निमित्त. खरं कारण एवढंच की तिथे ह्यूस्टनचं कुणी ना कुणी भेटलं असतं आणि तुझ्यासमोर बोललं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी घरातली शस्त्रं, अवजारं घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. नागपूरला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, तिथे पाने-पकडींना झेंडूची माळ पडायची. अमेरिकेत आल्यापासून आईनं ही पूजा उत्साहानं धरली होती. विळी, कात्री, माझे स्क्रूड्रायव्हर, कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, आणि तू हट्टानं ठेवलेली तुझी क्रेयॉन्स. त्या वर्षी ती म्हणाली, घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र आलंय, ते नको का मांडायला? मला गंमत वाटली. मी कुलूपबंद कपाटातून पिस्तूल काढलं, रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि पाटावर ठेवलं. गोळ्यांचा डबा तिथेच कपाटात राहिला, कुलूप उघडं. आईनं पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं. पूजेत तूही होतीस. नमस्कार करताना तू कॅल्क्युलेटरचं बटण दाबलंस म्हणून ओरडा खाल्लास.

आणि आता आईची एक सवय सांगायला हवी. शेजारणीचा डबा ती कधी रिकामा परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. देवापुढे तांब्या रिकामा ठेवायची नाही, पाकीट ठेवलं तर त्यात एक डॉलर असायचाच. रिकामं ठेवू नये, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. शस्त्र तरी देवापुढे रिकामं कसं ठेवायचं? मी हॉलमध्ये बातम्या बघत बसलो असताना तिनं एक गोळी घेतली आणि क्लासमध्ये शिकवलं होतं तशी व्यवस्थित भरली. मग जेवायला वाढताना तिनं मला ते सांगितलंही. एक घातलीय हं, उद्या काढून ठेवा. मी टीव्हीवरची नजर न काढता ‘हं’ म्हटलं. आपल्याकडच्या नवऱ्यांचं हे एकच उत्तर, मीठ कमी आहे का यालाही हं आणि घर जळतंय यालाही हं. ती मला म्हणाली होती, आशू. ती विसरली नव्हती, तिनं काही लपवलं नव्हतं. मी ऐकलं नाही. पोलिसांना मी ती गोळी कुणी घातली हे सांगितलं, पण हा ‘हं’ सांगितला नाही. शुभामावशीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्कूलबसमध्ये बसून गेलीस. मी ऑफिसला जाण्याआधी पाट उचलायला घेतला. पिस्तुलाच्या सांध्यात कुंकू गेलं होतं, ते साफ करायला ते सुटं करावं लागणार होतं, आणि त्या बनावटीचं पिस्तूल सुटं करायचं तर आधी ट्रिगर ओढावा लागायचा. मी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून पाहिलं. ते रिकामं होतं, कारण त्यात असलेली एकुलती एक गोळी, आदल्या संध्याकाळी आईनं शिकवल्याप्रमाणे वरचा भाग मागे खेचला तेव्हाच, वर नळीत गेली होती. आई समोर वाकून झेंडूची फुलं ताटात गोळा करत होती. मी ट्रिगर ओढला. आशू, आपल्या घरात कुणी चोर आला नव्हता. निळ्या टोपीचा नाही, कुठल्याच टोपीचा नाही. अँब्युलन्स आली तेव्हा ती गेली होती आणि माझ्या हातांना कुंकू लागलंय की रक्त हे मला कळत नव्हतं. पोलिसांनी महिनाभर चौकशी केली आणि अपघात म्हणून फाइल बंद केली, कुणी मला शिक्षा केली नाही. तुला पुण्याला नेल्यावर तू विचारलंस तेव्हा शुभामावशीच्या तोंडून ‘चोर’ हा शब्द निघाला, आणि मी तो खोडला नाही. सहा वर्षांच्या मुलीला बापाची भीती वाटण्यापेक्षा चोराची वाटलेली बरी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तू माझ्याकडे कशी बघशील ते मला बघवलं नसतं. तू कुलपं तपासत राहिलीस आणि मी तुला तपासू दिली. आता तू शनिवारी त्या न आलेल्या माणसासाठी पिस्तूल आणायला निघाली आहेस, आणि तेही माझ्या सल्ल्यानं. मी तुला घेऊ नको असं म्हणत नाही, तो हक्क मी घालवला आहे. पण जो कधी आलाच नाही त्याला घाबरून तू ते घेऊ नयेस म्हणून लिहितोय. कुरियरवाला म्हणाला, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेल. शनिवारी दिवसभर मी घरीच आहे, फोनजवळ. शिव्या द्यायला केलास तरी कर, आणि नाही केलास तर ते मी समजून घेईन.

अजून तुला म्हणावंसं वाटलं तर, तुझाच

बाबा