मोटरवरच्या दोन रिकाम्या जागा

अमरावती, ता. ५ जानेवारी १९६४

प्रिय देवराव भाऊजी यांस,
भागीरथावहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे ठीक. शालूला सांगा, तिने पाठवलेल्या पापड्या संपल्या. निम्म्या मागच्या खेपेला तुम्हीच खाल्ल्यात, हेही सांगा.

तुमच्या दादांची ती रेडिओवर चालणारी हातभर बोट मी पेटीतून काढली आहे. गावाने फोडली तशीच सहा वर्षे पडून होती. बैलगाडीच्या कडेचे उभे दांडके, ज्या उभाऱ्यांनी त्यांचे डोके फोडून जीव घेतला, त्याच उभाऱ्यांनी. चहाच्या खोक्याच्या प्लायवूडचा नवा तळ केला. बूड सपाट ठेवले, म्हणजे वेग आला की बोट नाक उचलून पाण्यावर धावेल, असे त्यांच्या वहीत आहे. त्या वहीवरच मी अक्षरे जुळवायला शिकले. काल मोटर फिरवून पाहताना पितळी पंख्याने अंगठ्याचे मांस उडवले. हाड दिसले. टाके घालून आले आणि पुन्हा बसले.

आताच कशाला, असे विचाराल. गावच्या तळ्यावर ज्याचा पाय बोटीने कापला, त्या शेषरावने कोर्टात यांच्याबद्दल सांगितले, “उत्तमने बोट मुद्दाम माझ्या पायावर घातली.” त्या एका वाक्यावर मारणारे दोन वर्षांत सुटून आले. पण त्याच तळ्यावर यांना आधी गावकऱ्यांच्या लाथा बसल्या होत्या, हे मला माहीत आहे. यांनी खरेच नेम धरला असेल का, हे मी सहा वर्षे स्वतःला विचारते आहे.

एक शंका. मोटरच्या दोन टोकांवर कथलाने केलेल्या जोडाचे जुने डाग आहेत, पण तिथे काही जोडलेले नाही. काय होते तिथे?

लोभ असावा. नसेल तर तसे लिहावे.

तुमची वहिनी
भागीरथा

अकोला, ता. १२ जानेवारी १९६४

ती. वहिनी यांस,
देवरावचा सादर जयभीम. वि. वि.

पापड्यांचा आरोप अर्धा मान्य. अंगठ्याला पाणी लागू देऊ नका.

मोटरसायकलची सहा व्होल्टची बॅटरी घ्या आणि बोटीच्या मध्यावर ठेवा, नाहीतर नाक बुडेल. रिसीव्हरला पाणी लागू नये म्हणून तो सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळा. ट्रान्समीटर माझ्याकडेच राहील, परवाना माझ्या नावाचा आहे. त्याचे बटण एकदा दाबले की सुकाणू उजवीकडे, दोनदा दाबले की डावीकडे, दाबून धरले की मोटर बंद.

पण वहिनी, हे सोडून द्या. दादाला मी उचलले तेव्हा त्याचा एक कान माझ्या तळहातावर आला होता. त्या तळ्याला मी आजही पाठ करून झोपतो.

आपल्या लोभातला
देवराव

अमरावती, ता. १६ जानेवारी

देवराव भाऊजी, सप्रेम जयभीम. वि. वि.

बॅटरी मध्यावर ठेवली. माझ्या शंकेचे उत्तर तुमच्या पत्रात नाही.

वहीत शेवटच्या पानावर मोटरचे चित्र आहे. दोन टोकांना दोन कंडेन्सर काढलेत आणि खाली लिहिले आहे, “देवराव बसवून देईल.”

लोभ उत्तरावर ठरेल.

भागीरथा

अकोला, ता. २६ जानेवारी

ती. वहिनी, सादर जयभीम. वि. वि.

आठ दिवस दुकान बंद ठेवले. शालूलाही हे आज पहिल्यांदा सांगितले.

मी ते बसवले होते आणि मीच काढले. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ अडला होता, दुसरे हाताशी नव्हते. दादा न्यायला आला तेव्हा म्हणालो, असेच चालेल. टेबलावर चाललेही. पण ठिणग्या गिळणारे कंडेन्सर नसले की मोटरच्या ठिणग्या रिसीव्हरच्या कानाशी ओरडत राहतात. बोट जवळ आहे तोवर बटणाचे ऐकते, लांब गेली की ऐकत नाही. त्या दिवशी दादा बटण दाबतच असेल. बोट सरळ पायरीवर गेली आणि शेषरावची पोटरी कापून थांबली.

कोर्टात मी तोंड उघडले नाही. दोन नवे कंडेन्सर सोबत पाठवतो. नीट बसवा.

लोभ मागण्याचे तोंड नाही.

देवराव

अमरावती, ता. ३० जानेवारी

देवराव भाऊजी, जयभीम. वि. वि.

तुमची चूक नसती तर गावाने दुसरे निमित्त शोधले असते, असे म्हणून मी तुम्हाला सोडवणार नाही. ते मला ठाऊक नाही.

यांनी नेम धरला नव्हता, एवढे आता मला कळले. ते शेषरावलाही कळले पाहिजे. नऊ तारखेला, रविवारी, ट्रान्समीटर घेऊन परतवाड्याच्या एसटीने गावी या. यांच्यासारखेच तुम्ही बांधावरून बोट सोडायची. समोर शेषराव बसला होता त्या पायरीवर मी पाय सोडून बसेन. दहा हातांवर बोट थांबवा. त्याला निरोप गेला आहे.

भागीरथा

अकोला, ता. ११ फेब्रुवारी

ती. वहिनी, सा. ज. वि. वि.

पाय कसा आहे? मी बटण दाबून धरले होते, वहिनी. अंगठ्याचे नख काळे पडले तरी सोडले नाही. बोट तुमच्या पायावर चढली, पाणी लाल झाले. मी बांधावरून धावलो तर लोकांनी दगड घातले. कपाळाला सात टाके पडले, शुद्ध आली ती एसटीत. शेषराव लंगडत पायऱ्या उतरताना दिसला, पुढचे काही माहीत नाही. मी पुन्हा तेच केले. मी पाठवलेले कंडेन्सर खराब होते काय?

देवराव

अमरावती, ता. १४ फेब्रुवारी १९६४

प्रिय देवराव भाऊजी यांस,
वहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पोटरीला अकरा टाके आहेत. चालताना शेषरावसारखी दिसेन, असे डॉक्टर म्हणतात.

शेषरावने दगड मारणाऱ्यांना शिव्या घालून थांबवले. स्वतःच्या दुपट्ट्याने माझा पाय आवळला. मी त्याला विचारले, माझ्या सख्ख्या दिराने माझ्यावर नेम धरला, असे आता कोर्टात सांगशील का? त्याने बोटीकडे पाहिले. मग म्हणाला, “नाई वं बाई. मले तसं सांगाले लावलं होतं.” त्याच्या मागे पंधरा माणसे उभी होती. सगळ्यांनी ऐकले.

तुमचे कंडेन्सर चांगले होते. मी ते बसवले होते आणि त्या सकाळी काढले. तळ्यावर, बसवले का, असे तुम्ही विचारलेत तेव्हा मी होकाराची मान हलवली. ते खोटे होते. तुमच्या हातात बटण असून बोट थांबली नाही, हे त्याने पाहायला हवे होते. तुम्हीही. थोडी शिक्षा होती, ते लपवत नाही. ती झाली.

दोन्ही कंडेन्सर या पाकिटात आहेत. दोघांचे टाके निघाले की या आणि तुमच्या हाताने मोटरवर बसवा. मग आपण दोघे ती बोट तळ्यावर नेऊ आणि थांबवू.

लोभ आहे. पापड्या घेऊन या.

तुमची वहिनी
भागीरथा