चार रोपांची वाटणी

१४ एप्रिल

पीट म्हणतो, साधंच बी लावायचं! घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, घर विकलं जात नाही म्हणून हा माणूस अजून माझ्या तळघरात राहतो, आणि वर मलाच शहाणपण शिकवतो. इथल्या कायद्याने एका घराला गांजाची चार रोपं लावता येतात. माणशी नाही—घराला! म्हणजे दोन माझी, दोन त्याची. वकिलाने घराची वाटणी केली तेव्हाही इतका वाद झाला नव्हता.

१६ एप्रिल

दुकानातून फक्त मादी निघणारं बी आणलं. पाकिटावर तशी हमी छापली आहे. बोंडं मादीलाच येतात. जवळपास एक जरी नर फुलला तरी पराग उडून बोंडांत बिया भरतात, आणि सगळा माल वाया. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडून माझी बोटं कामातून गेली आहेत. हिवाळाभर त्यांना चोळायचं मलम मी याच बोंडांचं करते. मला जुगार परवडत नाही.

पीटच्या साध्या बियातून नर निघेल की मादी, देव जाणे. कशाला हा धोका, असं विचारलं तर म्हणे, "ल्यूबा, आधीच ठरलेल्या गोष्टीत मजा ती काय?"

हे ज्ञान लग्नाच्या वेळी कुठे गेलं होतं!

२ मे

पैज लागली. त्याच्या नरामुळे माझ्या बोंडांत बी धरलं, तर त्याने तळघर सोडायचं. नाही धरलं, तर तो जन्मभर तिथे राहणार आणि मी अवाक्षर काढायचं नाही. हातावर हात मारला. अकरा वर्षांनी त्याचा हात हातात आला. अजून तसाच खरखरीत आहे.

११ जुलै

माझ्या दोन्ही मादी निघाल्या. काय डौल एकेकीचा! पीटचं एक रोप मादी, दुसरं अजून गप्पच. मी रोज चष्मा लावून त्याची पेरं तपासते—नराला तिथे गोल पिशव्या येतात, मादीला पांढरे दोन केस. पीट म्हणतो, ते तुझं रोप नाहीये. नसेना का.

४ ऑगस्ट

अंगणात मोठा दिवा बसवला. रात्रभर चालू ठेवते. पीटने सांगून पाहिलं की झाडांना काळोख लागतो. मी म्हटलं, मला उजेड लागतो. तुझ्या झाडांवर डोळा कसा ठेवू?

१६ ऑगस्ट

भाचीचं लग्न, चार दिवस घर सोडायचं. नेमकं आत्ताच! पीटच्या त्या रोपाचं अजून काही ठरत नाही. मालकावर गेलंय.

२१ ऑगस्ट

आले तर रोप गायब! पीट स्वतःहूनच म्हणाला, "नर निघाला. उपटला मी. पण उशीर झाला, पराग उडालेच असणार."

सबब नाही, वाद नाही. मी गाडी चालवताना भांडणाची वाक्यंसुद्धा पाठ केली होती. सगळी फुकट गेली.

२९ सप्टेंबर

बोंड चुरडलं—बी. दुसरं—बी. पुढे मोजायचं सोडून दिलं. खाली जाऊन त्या बिया पीटच्या हातावर ठेवल्या. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "जिंकलीस."

३ ऑक्टोबर

पीट गेला. नदीपलीकडे, बहिणीकडे—पॉलीकडे. जाताना मी त्याला बोर्शचा, म्हणजे बीटच्या सूपचा, डबा दिला. उरलंच होतं. मला हवं होतं तेच झालं. घर कसं शांत आहे.

५ ऑक्टोबर

इतकंही शांत नको होतं.

८ ऑक्टोबर

बिया भरलेल्या बोंडांचं मलम होईल का, ते विचारायला दुकानात फांदी घेऊन गेले. तिथल्या मुलीने भिंग लावून बोंडातली एक बारीक पिवळी काडी दाखवली. म्हणाली, "आजी, हे नराचं फूल. तुमच्याच झाडाला आलंय. रात्री उजेड पडत होता का याच्यावर?"

काळोख मोडला की मादीसुद्धा असं करते म्हणे. मग ती हमी कसली! मी तिथून तडक निघाले. असेल, माझ्या झाडाचं चुकलं असेल. पण पीटचा नर होताच ना? मग दोष निम्मा त्याचा. पैज काही उलटत नाही.

रात्री जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर

तळघर झाडायला गेले. खुंटीला त्याचं उपटलेलं रोप टांगलेलं. वाळलंय. पेरापेराशी दोन-दोन केस. पिशवी एकही नाही.

मादी! आपलं चांगलं रोप उपटलं, माझ्या झाडाचा दोष स्वतःवर घेतला, आणि माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला!

उद्या सकाळीच पॉलीकडे जाते. भांडायला. गाडीची मागची सीट पाडून ठेवली आहे, म्हणजे त्याचं सगळं सामान एका खेपेत येईल.