निरोगी बहिणीचा हात

प्रिय ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (मनातल्या मनात, गुडघे आता तेवढे वाकत नाहीत). तुझ्या हातांची थरथर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? भावोजींना थापा मारू नकोस, त्यांना कळतात.

तुझ्या आजारावरच्या त्या संशोधनात तुलनेसाठी धडधाकट सख्खी बहीण हवी होती. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तोऱ्यात 'हो' म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच तुझ्यापेक्षा वरचढ ठरणार होते ना! कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढायचं, एवढंच काम. पण आपल्या शाळेतल्या नन्सनी काय शिकवलं? परीक्षेला तयारीशिवाय जायचं नाही. (अक्षरासाठी बोटांवर बसणारी पट्टी आठवते? तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली.) म्हणून मी आठवडाभर वेटोळी काढली, वर्तमानपत्राच्या कडांवर, कॅलेंडरच्या पाठीवर, शेवटी इस्त्रीवाल्याच्या कागदांवर. हे म्हणाले, "अगं, गोगलगाईंची वसाहत वसवतेस की काय?"

आणि ताई, तिथे दवाखान्यात मनगटाला थरथर मोजायचा पट्टा बांधला मात्र, माझा हात लागला थरथरायला! वेटोळं कसलं, कोंबडीने उकरलेली माती. शेजारी तुझं गेल्या महिन्यातलं वेटोळं ठेवलं होतं, ते कितीतरी देखणं. तपासणाऱ्या मुलीने दोन्ही कागद पाहिले आणि हळूच विचारलं, "काकू, यातल्या पेशंट कोण?" मी माझा कागद पालथा घातला.

डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं. सुजलं होतं. "घरी सराव केलात? अहो, निरोगी माणसाने तयारी करून यायचं नसतं!" त्या हसल्या, हाताला विश्रांती द्या आणि मंगळवारी पुन्हा या म्हणाल्या. सूज आहे हे खरंच. पण सुजेखाली काय आहे? चहा घेताना कपबशी वाजते का, ते मी कान देऊन ऐकते. वाजते. हात बदलते, तरी वाजते. (बशीच डुगडुगती असेल.) मग आईचे हात आठवतात. वेण्या घालताना पुढे पुढे तिच्या हातून रिबीन सुटायची, आणि आपल्याला वाटायचं, आई घाईत आहे.

तुझीच,
धाकटी

ता. क. मी मुळीच घाबरलेली नाही.

आणखी ता. क. अक्षर तुझ्या भाचेसुनेचं आहे, हे ओळखलंच असशील. हाताला विश्रांती म्हणून, दुसरं काही नाही.

शेवटचा ता. क. सून दार उघडायला गेली आहे, म्हणून ही ओळ माझ्या हातची. भिंग लावून बघ, थरथरते का. पण मला सांगू नकोस. मंगळवारी माझ्याबरोबर ये आणि आत जाईपर्यंत हात धरून ठेव. म्हणजे हलतोय कुणाचा, ते कुणालाच कळणार नाही.