दोन डॉक्टरांची हजेरी

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र तीन आठवड्यांनी लिहिते आहे, रागावू नकोस. दवाखाना चाळीस खाटांचा, रोगी साठ. उरलेले खाली गाद्यांवर. रक्तदाब मोजायच्या यंत्राची नळी आम्ही चिकटपट्टीवर जगवली आहे. डॉक्टरांच्या जागा दोन. एक माझी, दुसरी मोठ्या डॉक्टरांची. ते दहा महिन्यांपूर्वी ड्युटी रूममधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले, डोळ्यांवर चष्मा तसाच.

पण मस्टरवर ते रोज हजर असतात. मोठ्या सिस्टर त्यांची सही करतात आणि खाली साक्षीला माझी घेतात. जागा रिकामी दिसली की वरचे ती रद्द करतात, मग दुसरा डॉक्टर जन्मात मिळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. हे खोटं नाही का, असं मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, की हे साठ जण खोटे आहेत का. मी सही केली. रोज करते. रोज टोचते.

आणखी एक. दुपारी रोगी सांगतात, की चष्मेवाले डॉक्टर आत्ताच तपासून गेले. सिस्टरांनीच त्यांना पढवलं असणार.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी


१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी वहिनी म्हणते, तुमच्याकडे मेलेला माणूस कामावर येतो आणि आमच्या शाळेतला जिवंत शिपाई येत नाही, तेव्हा अदलाबदल करून घ्या. हसलो, पण घास गोड लागला नाही. कपबशी फुटल्याचं कुणाला कळायच्या आत रडत कबूल करणारी पोर तू. तुला हे पचायचं नाही.

तीस वर्षं गणित शिकवतो आहे. एकात शून्य मिळवून दोन होत नाहीत. ते शून्य दुसरं कुणी नाही, तू एकटीच भरून काढते आहेस. सही करू नकोस. खरं काय ते वर कळव. झेपत नसेल तर सरळ निघून ये. आम्हाला डॉक्टर नको, धडधाकट बहीण हवी.

आठवण ठेव, आणि ठेवल्याचं कळवतही जा.

तुझा दादा


२९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एकतीस तास जागी होते. अकरा नंबरच्या बाईला पित्ताचं औषध देऊन पुढे गेले. दुपारी तिने मला थांबवलं. चष्मेवाल्यांनी तिला सांगितलं होतं म्हणे, की दुखणं पोटाचं नाही, हृदयाचं आहे. पोरीला बोलाव, ती दमली आहे, तिला दिसलं नाही. ईसीजी काढला. हृदयच होतं. बाई वाचली.

मी घाबरले ती त्यांना नाही, स्वतःला. इतकी दमलेली डॉक्टर कुणाच्या कामाची? दुसऱ्या दिवशी, तू सांगितलंस तसं, मस्टरवर त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि वर पाठवायचं पत्र तयार केलं.

त्या दुपारी कुणी आलं नाही. वॉर्डातली सगळी माणसं दाराकडे बघत बसली होती. मीही.

चौथ्या दिवशी दम्याचा ट्रकचालक गेला. मी शेजारच्या खाटेकडे वळले होते, तेवढ्यात. त्याच्याकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. सिस्टरांनी मस्टर समोर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मी 'मयत'वर कागदाची पट्टी चिकटवली. पत्र फाडलं. दुपारी बायकांच्या वॉर्डातून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला आणि मला, काय सांगू, हायसं वाटलं.

हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. अंगात ताप आहे. रजा घ्यावी, तर माझ्या जागी कोण?

रागावलास तरी चालेल, परकं करू नकोस.

तुझी धाकटी


२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पहिलंच अक्षर, 'चि.', लिहिताना हात थांबला. पण तुला लिहायला दुसरा मायना मला येत नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो होतो. पोचलो, तेव्हा तू ड्युटी रूममधल्या खाटेवर होतीस, पायात चपला तशाच. सिस्टरांना वाटलं, बऱ्याच दिवसांनी डोळा लागलाय. दोन तास त्यांनी कुणाला दारसुद्धा वाजवू दिलं नव्हतं. मीच आत येऊन हाक मारली.

तुला अग्नी दिल्यावर सिस्टर मस्टर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. आता दोन्ही जागा जातील आणि दवाखान्याला कुलूप लागेल, म्हणाल्या. मी वर काही कळवू नये, एवढंच मागत होत्या. मी वॉर्डात एक फेरी मारली. खाली गाद्यांवर तेवीस माणसं मोजली. आणि मी, गणिताचा मास्तर, हो म्हणून आलो. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

काल सिस्टरांचं पत्र आलं. तुम्ही दोघांनी आता वॉर्ड वाटून घेतलेत म्हणे, बायकांचा तुझ्याकडे. रोगी बरे होताहेत. फक्त सांगतात, की डॉक्टरबाई फार ओढलेल्या दिसतात, बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

धाकटे, मला वाटलं होतं तू सुटलीस.

वर पाठवायचं पत्र लिहून ठेवलं आहे. पाकिटाला गोंद लावायला घेतो आणि ते तेवीस जण डोळ्यांपुढे येतात. तुझं नाव खोडू की राहू देऊ, तूच सांग. हे पत्र दवाखान्याच्याच पत्त्यावर टाकतो आहे. जीव होता तसाच तुझ्यावर आहे, पण उत्तर आलं तर उघडायचा धीर मला होईल का, ठाऊक नाही.

तुझा दादा