खोलीत कोणी नाही, असं दिव्याचं मत

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी अर्धा वाकलो की तुम्ही खांदे धरून उभं करता, त्यामुळे कित्येक वर्षांचे उरलेले अर्धे नमस्कार साचले आहेत. ते या पत्रातून पोचते करतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीची पाठ? आणि तुमच्या फ्रिजचं दार? मागच्या खेपेला ते दोरीनं बांधलेलं होतं आणि दोरी सैल होती. गुडघ्याचं आणि पाठीचं वयोमानाप्रमाणे जे व्हायचं ते होणार, पण दाराचं रबर बदलून मिळतं, एवढं नम्रपणे सुचवतो.

आई तुमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता दोन महिने होऊन गेले. ती मजेत आहे असं तुम्ही कळवलंत, वाचून बरं वाटलं. तुम्ही दाढी करत असताना ती बाहेरून दिवा घालवते, ही तक्रारही वाचली. मामा, तिच्या मनात काही नसतं. आम्ही भावंडं लहानपणी अंधारातच दात घासत आलो. "रिकाम्या खोलीत कुणासाठी जळतोय?" हे वाक्य आमच्या घरात हाकेपेक्षा जास्त ऐकू यायचं. खोली रिकामी नसली, तर आतला माणूस जे करतोय त्याला दिवा लागत नाही, अशी तिची समजूत असते. चालू दिव्याकडे पाठ करून तिला झोप लागत नाही. तुमच्याकडे दिवसाढवळ्या ट्यूब जळत असते, तेव्हा तिला बरीच धावपळ पडत असणार.

पण हे पत्र आईबद्दल नाही. माझ्या नोकरीबद्दल आहे.

तुम्हाला आठवत असेल, मेकॅनिकल घे, यंत्राला मरण नाही, असं तुम्हीच बाबांना पटवलंत. बाबांचं मत वेगळं होतं. हा काय दिवे लावणार, असं ते पाहुण्यांसमोर म्हणत. बाबा द्रष्टे होते. शिक्षण संपल्यापासून मी दिवे घालवण्याचीच नोकरी करतो. नात्यातल्या लोकांना हे अजून नीट उमगलेलं नाही. कुठल्याही समारंभाला गेलो की कोणीतरी मला बाजूला घेऊन बंद पडलेला मिक्सर दाखवतं. लग्नाआधी सासरेबुवांनी विचारलं होतं, तुम्ही बनवता काय? मी खरं ते सांगितलं, की मी काही बनवत नाही, वाया जातं ते थांबवतो. ते उठले आणि आत जाऊन मुलीला पुन्हा एकदा विचारून आले. (ती तेव्हा हो म्हणाली. का, हे मी अजून विचारलेलं नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला.) थोडक्यात सांगायचं तर, लोक यंत्र लावून खोलीतली हवा गार करतात, मग फारच गार झालं म्हणून खिडकी उघडतात, आणि उघडल्यावर उकडतं म्हणून यंत्र वाढवतात. ती खिडकी लावणं हा माझा व्यवसाय आहे. लावल्यावर लोक ती पुन्हा उघडतात, त्यामुळे व्यवसायाला मरण नाही हे तुमचं म्हणणं मात्र खरं ठरलं.

मध्यंतरी एका विमा कंपनीच्या कचेरीचं काम आलं. तिथं आम्ही खोल्याखोल्यांतून सेन्सर बसवले. ही छताला चिकटवायची पांढरी डबी असते, साधारण मध्यम बटाट्याएवढी. खाली हालचाल दिसली की ती दिवा लावते, आणि थोडा वेळ काही हललं नाही की खोलीत कोणी नाही असं समजून दिवा घालवते. शिवाय कोण कधी होतं याची नोंदही ठेवते. सगळीकडे झकास चाललं, हिशेब विभाग सोडून. तिथले मुख्य हिशेबनीस हे (आदरानं लिहितोय) फार स्थिर गृहस्थ आहेत. जेवणानंतर ते कागदावर नजर ठेवतात आणि मग ती तिथेच राहते. हाताखालच्या माणसांनी त्यांचाच कित्ता गिरवलेला. त्यामुळे रोज दुपारी त्या दालनात अंधार पडायचा, आणि अंधारात त्यांची स्थिरता वाढायची. नोंदी पाहून मी अहवालात लिहिलं, की जेवणाच्या सुट्टीनंतर हे दालन वापरात नसतं. मी सुचवलं काहीच नव्हतं, फक्त लिहिलं होतं. पण वरच्या लोकांनी माझा अहवाल वाचला. (असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे मी बेसावध होतो.) एके दुपारी हमाल जुनी कपाटं घेऊन आत शिरले आणि पहिलं कपाट त्यांनी मुख्य हिशेबनिसांच्या पायावर ठेवलं.

मला बोलावणं आलं. मी नोंदी घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहून, अगदी सभ्यपणे, नोंदीप्रमाणे दुपारी इथं कोणी नसतं असं सांगितलं. "मग तुम्ही आत्ता कोणाशी बोलताय?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न मुद्देसूद होता. मी म्हटलं, आपण अधूनमधून जरा हललात तर नोंद होईल. त्यावर ते म्हणाले, "हलायचं असतं तर हिशेबात कशाला आलो असतो?" कपाटं परत गेली. पुढच्या महिन्यात त्या दालनातला अंधार पूर्ण थांबला, तेव्हा मला वाटलं माझ्या शब्दाला मान दिला. जाऊन पाहतो तर त्यांनी कोपऱ्यात एक फिरता टेबलफॅन ठेवला होता, त्याला कागदाची लांब पट्टी बांधली होती, आणि ती पट्टी सगळ्या विभागाच्या वतीनं हालचाल करत होती. पंखा सुट्टीच्या दिवशीही चालू असायचा. पंख्यामुळे दिवेही चालू असायचे. त्या मजल्याची वीज सेन्सर बसवण्याआधी जळायची त्याहून जास्त जळू लागली. मी अहवालात लिहिलं, की दालनाचा वापर समाधानकारक वाढला आहे.

याच सुमारास आमच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, की लोकांना सांगायचं ते आधी आपल्या घरी करावं. मला ते पटलं. आमच्या घराची प्रत्येक फट मी स्वतः बुजवली. आता घर इतकं घट्ट आहे, की स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू असताना दाराची कडी काढली तर बाहेरची हवा दार आत ढकलते, आणि दाराबरोबर दाराशी उभा असलेला माणूसही येतो. सासरेबुवा असेच आले. त्यांना थेट कोचावर बसल्यावर कळलं की आपण पोचलो. मग सगळ्या खोल्यांतून डब्या बसवल्या. हिला त्यांचा काही त्रास झाला नाही. ही एका जागी बसलेली मी लग्नापासून पाहिलेली नाही. (त्याला कारण मीच आहे असं हिचं म्हणणं. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

आईचं मात्र तसं नाही. बाबा गेल्यापासून ती संध्याकाळी तिच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसते. हात मांडीवर. वाचत नाही, विणत नाही, नुसती बसते. उभं आयुष्य ती धावली आहे, तेव्हा ते बसणं तिच्या हक्काचं होतं, आणि तिथं माझी डबी तिला वरून बघत होती. थोड्या वेळानं दिवा जायचा. आई हात वर करून हलवायची. दिवा यायचा. पुन्हा जायचा. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंना वाटलं आपल्यालाच हात करताहेत, त्याही हात करू लागल्या. पुढं त्या घरीच येऊ लागल्या, आणि दोघी बोलत बसल्या की हातवारे इतके व्हायचे की दिवा जाण्याचं नाव घेत नसे. मी खूश होतो. पण त्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आणि आई पुन्हा एकटी बसू लागली. मी तिला सुचवलं, बसल्या बसल्या नुसती मान हलवत जा. ती म्हणाली, "कशाला? सगळ्याला हो म्हणत बसू?"

मग ती संध्याकाळ. मी कामावरून आलो. आईच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता. मी हिला विचारलं, आई बाहेर गेली वाटतं? ही म्हणाली, आत्ताच तर आत होती. मी म्हटलं, छे, खोलीत कोणी नाही. माझ्या आवाजात अजिबात शंका नव्हती, मामा. आतून आईचा आवाज आला. ती खुर्चीतच होती, त्या दिवशी तिनं हात वर केला नव्हता, एवढंच. "दिव्याला कळलं नाही, ते एक असो," ती म्हणाली. "तुलाही दिव्यानंच सांगावं लागतं का रे?" मी आत गेलो, अर्थातच दिवा लागला. मग मी स्टुलावर चढून डबी तपासली आणि आईला सांगितलं की डबी निर्दोष आहे. हे सांगायला नको होतं, असं हिचं मत आहे, आणि त्यात ती बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली. भांडली नाही. भांडली असती तर मी समजूत काढली असती. निघताना सगळ्या खोल्यांत एकदा दारातूनच डोकावून आली, दिवे घालवायला. घालवण्यासारखं काहीच नव्हतं. ते सगळे ती पोचायच्या आधीच गेलेले होते.

असो. आता मुद्द्याचं. आमच्या घराची आदर्श घर म्हणून निवड व्हायची आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञांची एक समिती पाहणीला येणार आहे. निवड झाली तर माझी बढती जवळपास पक्की. समिती घराला लागणारी वीज घरातल्या माणसांनी भागते. आता गंमत अशी, की आई गेल्यापासून वीज आहे तेवढीच लागते आणि भागायला आम्ही दोघंच, त्यामुळे आमचा आकडा फार वाईट दिसतो. आई अंधारात बसायची, म्हणजे वीज जवळपास शून्य आणि भागाकारात मात्र पूर्ण एक. शास्त्रीयदृष्ट्या पाहता, आमच्या घरातली सर्वांत कार्यक्षम वस्तू तीच होती. तेव्हा आपण तिला कसंही करून इकडे पाठवावं, ही विनंती. ती निव्वळ गणिताची आहे, भावनेचा प्रश्न येत नाही.

मामीला नमस्कार, फ्रिजच्या दाराला रबर, आणि तुम्हाला वर राहिलेला अर्धा.

तुमचा,
भाचा

ता. क. वस्तू हा शब्द घाईत लिहिला गेला. आईला पत्र वाचून दाखवणार असाल तर तिथं खोकावं.

आणखी एक ता. क. समिती येणार आहे हे खोटं आहे. ती गेल्या आठवड्यात येऊन गेली. सगळं घर पाहून खूश होती. मग त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी नोंदी चाळल्या आणि आईच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले, इथं दोन महिने कोणी नाही असं दिसतं, तर घरातली माणसं दोनच धरू ना? अगदी सभ्यपणे म्हणाले, मी हिशेबनिसांशी बोललो होतो तसंच. मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, नोंदीत दिसत नाही. मी म्हटलं, नोंद चुकीची आहे, ही माझ्या आईची खोली आहे आणि आमच्या घरात तीन माणसं राहतात. मापकाचं चुकलं असं मी नोकरीत आजवर कधी म्हटलेलं नाही. त्यानंतर हिनं सगळ्यांना पाणी दिलं. निवड झाली नाही. मोठे साहेब माझ्याशी हल्ली मोजकंच बोलतात. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आईची मात्र फार आठवण येते, मामा. संध्याकाळी घरात शिरलो की हाक तोंडात येते आणि मी ती गिळतो.

शेवटचा ता. क. तिच्या खोलीतली डबी मी काढून टाकली. खुर्चीवरून हात पोचेल असं साधं बटण बसवलं आहे, जुन्या पद्धतीचं, टक् वाजणारं. मी तिला या म्हटलं तर ती येणार नाही, आणि तुम्ही जा म्हटलंत तर तुमच्यावर रुसेल. म्हणून तुम्ही काहीच म्हणू नका. दाढी करताना ती दिवा घालवायला आली, की सहज कानावर घाला, की तिच्या खोलीतला दिवा ती गेल्यापासून रात्रंदिवस जळतो आहे, भर दुपारी, रिकाम्या खोलीत. मुलानं मुद्दाम चालू ठेवलाय, आणि कोणी सांगितलं तरी घालवत नाही. (खरं तर आजच लावला आहे. पण ती निघेपर्यंत जळत राहील.) गाडीची वेळ तेवढी कळवा, मी घ्यायला येतो.